उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामास,
साष्टांग नमस्कार.

फोन करत नाही. तीस वर्षं पंपाशेजारी बसून तुझ्या कानांनी कधीच राजीनामा दिलाय, आणि फोनवर मी ओरडले की सगळं निरीक्षणगृह गोळा होतं. शिवाय हे काम कागदावरच मागावं असं आहे.

तुमच्या नगरपालिकेने मागच्या वर्षी आमच्या बाल न्याय मंडळाबरोबर करार केला, आठवतो? गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना चार भिंतींत न कोंडता पालिकेच्या खात्यांत काम शिकवायचं आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा. ठराव झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाला. पण कुठलं खातं मूल घेणार, या रकान्यात आजपर्यंत एकही सही नाही. मी परिवीक्षा अधिकारी म्हणून चार पत्रं पाठवली. चारही "योग्य त्या कार्यवाहीसाठी" कुठेतरी गेली आणि तिथेच झोपली.

माझ्याकडे एक मुलगी आहे. सतरा वर्षांची. नाव लिहीत नाही, तसा नियम आहे. सगळे तिला बारकी म्हणतात. अंगापिंडाने खरंच एवढीशी आहे. शाळेच्या आवारातले पितळी नळ काढताना सापडली. तिचा मोठा चुलतभाऊ आणि त्याचे दोघे दोस्त तिला पुढे करायचे, कारण ती कुठल्याही फटीतून आत शिरू शकते. ते तिघे आता तुरुंगात आहेत. मंडळाने तिला तीन महिने दिलेत. कुठल्यातरी खात्याने तिला ठेवून घेतलं आणि तिने नीट काम केलं, तर ती बाहेर तिच्या मावशीकडे राहील. नाहीतर एकविसाव्या वर्षापर्यंत विशेष गृहात. मी ते गृह आतून पाहिलंय. तिथून ती आज आहे तशी परत येणार नाही.

मामा, पाणीखातं तुझं आहे. एक सही कर.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू लहान होतीस तेव्हा माझ्या पंपघरात बसून गणितं सोडवायचीस आणि उत्तर चुकलं की पंपाच्या आवाजाला दोष द्यायचीस. आता अधिकारी झालीस आणि मामालाच कामाला लावलंस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पितळ चोरणारी पोर आणि ठेवायची कुठे, तर पाणीखात्यात! आमच्या कोठारात पितळाशिवाय आहे काय? पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्या खातेप्रमुखांना चहाला बोलावलं. काय ती सभा! अग्निशमनवाले साहेब म्हणाले, "आगीशी खेळणारी पोरं आणि माझ्याकडे?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पुस्तकं आहेत, ती नेलीत तर मी पेढे वाटीन." बागेचे अधीक्षक काहीच बोलले नाहीत, बिस्किटं मात्र त्यांनीच संपवली. शेवटी मी म्हणालो, "मी एक घेतो. माझं बुडालं तर तुम्ही हसा, तरलं तर सही करा." हे त्यांना पटलं. दुसऱ्याचं बुडताना बघायला कुणाला आवडत नाही?

तुमचा तो शब्द, "विधिसंघर्षग्रस्त बालक", उच्चारेपर्यंत बालकाचं लग्नाचं वय होईल. आम्ही तिला बारकीच म्हणू. पाठव.

मामा

१४ फेब्रुवारी

मामा,

तुझी सही बघून आमच्या कारकुनाने ती दोनदा उजेडात धरली. खरी आहे का म्हणून!

बारकी सोमवारी येईल. ती फार बोलत नाही, पण घुमी नाही. विचारलंस तर उत्तर देते, आणि खरं देते. तेवढ्यानेच तिचं बरंच नुकसान झालंय.

एक अट मात्र नीट वाच. या तीन महिन्यांत तिचा कुठलाही गुन्हा, नवा किंवा जुना, पुढे आला, तर प्रकरण पुन्हा मंडळापुढे जातं आणि सवलत बहुतेक संपते. असं काही मला कळलं, तर ते मंडळाला कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. तू माझा मामा आहेस म्हणून त्यात सूट नाही. हे आधीच सांगून ठेवते.

तुझी भाची

३ मार्च

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

आज तुला लिहिल्यावाचून राहवेना.

आमच्या आवारातली रीत तुला माहीत नसेल. मागच्या भिंतीजवळ एक जुना व्हॉल्व्ह आहे, उलट्या आट्यांचा. गावाच्या जुन्या भागातले सगळे तसेच आहेत. जगातला शहाणा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे मात्र डावीकडे. खात्यात नवा माणूस आला की त्याला चावी द्यायची आणि म्हणायचं, "जा, तेवढा बंद करून ये." तो बिचारा उजवीकडे फिरवतो, वरचं तोंड सुटतं आणि तो नखशिखान्त भिजतो. मग सगळे हसतात, त्याला पंचा देतात, आणि त्या दिवसापासून तो आमचा होतो. तीस वर्षांत कुणी सुटलं नाही. मी भिजलो होतो. माझे साहेब भिजले होते. एक अभियंता तर कोट घालून भिजला.

आज बारकीची पाळी. जोडाऱ्यांनी दोन आठवडे वाट पाहिली, पोरगी जरा रुळू दे म्हणून. सगळे भिंतीआड लपले. मी खिडकीत.

पोरीने चावी घेतली. तिच्या खांद्याएवढी उंच चावी. ती व्हॉल्व्हवर बसवली आणि फिरवायच्या ऐवजी खाली पालथी पडली. लोखंडाला कान लावला. मग एका हाताने चावी जेमतेम पाव फेरा उजवीकडे. थांबली. ऐकलं. आणि डावीकडे फिरवायला लागली. एक, दोन, तीन, सावकाश, प्रत्येक फेऱ्याला कान लावून. चौदा फेरे. मग उठली, गुडघे झटकले आणि मोठ्याने म्हणाली, "झाला बंद." अंगावर थेंब नाही!

जोडारी तोंडात बोटं घालून उभे. मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मला, बहिऱ्याला, ऐकू आला. मी विचारलं, "कसं कळलं ग?" तर म्हणते, "उजवीकडे फिरवलं तर पाण्याचा आवाज मोठा झाला. बंद करायचं तर आवाज बारीक व्हायला पाहिजे ना?"

बघ. इतकं साधं. तीस वर्षांत आम्हा एकालाही पाण्यालाच विचारायचं सुचलं नाही.

असं ऐकणारा आमच्यात आणखी एकच माणूस होता, चावीवाला. रस्त्यावर सळई टेकवून तो सांगायचा, इथून सहा पावलांवर गळती आहे, आणि खणलं की असायची. दोन वर्षांपूर्वी मीटरचोरीच्या भानगडीत त्याची चावी काढून घेतली आणि त्याला बागेच्या फाटकावर बसवलं, हे तुला ठाऊक आहे. चौकशीचा अहवाल मीच लिहिला होता. जुन्या भागातले नऊ पितळी मीटर गेले, आणि चोराने मीटर काढण्याआधी प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह बंद केला होता. उलटा व्हॉल्व्ह. मी लिहिलं, "ही माहिती खात्याबाहेरील व्यक्तीस असणे अशक्य."

इथं थांबतो. जरा बरं वाटत नाहीये.

मामा

८ मार्च

मामा,

तुझं पत्र मी इथल्या मुलींना वाचून दाखवलं (शेवटचा भाग सोडून, तो तुमच्या खात्याचा). आचारीणबाई पोळपाट-लाटणं हातात घेऊन ऐकत उभ्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तिला तिथं कुणी चोर म्हणत नाही?" मी म्हटलं, "नाही, तिथं ती न भिजलेली मुलगी आहे." सगळ्यांनी तेवढं पान मला पुन्हा वाचायला लावलं.

बरं वाटत नाही म्हणजे काय? रक्तदाब? डॉक्टरकडे जा. आणि महिन्याचा अहवाल पाठव. हेच सगळं त्यात लिही, फक्त "तोंडात बोटं" काढून टाक.

तुझी भाची

२१ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

अहवाल सोबत आहे. हजेरी पूर्ण. वर्तन चांगले. अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

मामा

२५ मार्च

मामा,

तू मला आयुष्यात चार ओळींचं पत्र लिहिलेलं नाहीस. माझ्या दहावीच्या निकालावर तू सहा पानं लिहिली होतीस, आणि मी जेमतेम पास झाले होते.

काय झालंय? तिने काही घेतलं का? जोडारी कुरकुरतायत का? की लोक बोलायला लागले, पाणीखात्यात चोर पाळलाय म्हणून? तुला ती नको झाली असेल तर सरळ सांग. मी अग्निशमनवाल्यांशी बोलते. बारकीच्या व्हॉल्व्हची गोष्ट ऐकून त्यांनी एक मुलगा घेतलाय, ग्रंथालयानेही एक. पण आधी टाळ्या वाजवून नंतर हात वर करणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिलीत. त्यांत तू असू नयेस, एवढंच. रागाने लिहितेय, कळतंय मला. तरी पाठवतेय.

भाची

२ एप्रिल

चि. भाचीबाई,

तुझा राग पोचला. पण रागाचं कारण चुकलं. पोर नकोशी झाली नाही. उलट, तिच्यापुढे मान वर करून उभं राहायला मला लाज वाटते.

ज्या दिवशी ती न भिजता उभी राहिली, त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते नऊ मीटर हिनेच काढले. खात्याबाहेरच्या माणसाला कळणं अशक्य, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, आणि हे सतरा वर्षांचं अशक्य माझ्यासमोर गुडघे झटकत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिली होती. चौकशीत रस्त्याखालच्या एका चेंबरमध्ये व्हॉल्व्ह फिरवायला वापरलेली वाकडी सळई सापडली होती, ती आमच्या खात्याची नव्हेच. पहिल्या मीटरच्या वेळी व्हॉल्व्ह उघडाच होता आणि पाणी दिवसभर रस्त्यावर वाहत होतं. दोन्हींकडे मी काणाडोळा केला. उलटा व्हॉल्व्ह आमच्याशिवाय कुणाला जमतो? या गर्वापुढे मला दुसरं काही दिसलंच नाही.

तुला कळवलं असतं तर तू मंडळाला कळवलं असतंस. तुझी अट मी नीट वाचली होती. म्हणून चार ओळी.

मग गेल्या आठवड्यात बारकीच माझ्या टेबलापाशी आली. जेवणाच्या सुट्टीत जोडाऱ्यांच्या गप्पांत तिने चावीवाल्याची हकीकत ऐकली होती. म्हणाली, "साहेब, ते मीटर मी काढलेत."

मी काय केलं सांगू? उठून दार लावलं. म्हटलं, "गप्प बस. हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. दीड महिना उरलाय, तो काढ."

ती म्हणाली, "पण ते काका बसलेत ना तिकडे."

मी म्हटलं, "त्यांचं मी बघतो."

तर मला म्हणते, "दोन वर्षं बघितलंत का?"

तू म्हणालीस ना, खरं बोलून तिचं नुकसान झालंय म्हणून? त्या दिवशी माझंही झालं.

मी विचारलं, व्हॉल्व्ह बंद का करायचीस? चोराला पाण्याचं काय? म्हणाली, पहिला मीटर काढला तेव्हा सगळं पाणी वाहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गल्लीच्या नळाला थेंब नव्हता. मावशीने दोन चौक पलीकडून घागरी वाहिल्या. मग तिने ठरवलं, आधी बंद करायचं. चुलतभाऊ शिव्या द्यायचा, वेळ जातो म्हणून. ही आत चेंबरमध्ये, कान लावून, फेरे मोजत.

संध्याकाळी ती मला न विचारता बागेकडे गेली. मी मागून गेलो. झाडाआड उभा राहिलो, म्हणजे काय चाललंय ते दिसलं, ऐकू काही आलं नाही. पोर फाटकापाशी उभी, हात मागे बांधलेले. चावीवाला स्टुलावर. ती बोलत होती. तो ऐकत होता. ती गप्प झाली तरी तो ऐकतच राहिला. मग त्याने एकच काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. तो उठला, फाटक बंद केलं, कुलूप घातलं आणि निघून गेला. पोर तिथंच उभी. मी पुढे होऊन विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "विचारलं, कान लावायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, कुणी नाही."

आता हे तुझ्या हातात आहे. चावीवाला माझ्याशी दोन वर्षांत एक शब्द बोललेला नाही. समोरून येतो, नमस्कार करतो आणि जातो. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा

६ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी भाची म्हणून फोडलं आणि अधिकारी म्हणून घडी घातली. दुपारी मंडळाकडे नोंद केली. माझ्या हाताने. लिहून झाल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि कितीतरी वेळ तसंच तोंडावर पाणी मारत राहिले.

सुनावणी सतरा तारखेला. तुला रागावले त्याबद्दल माफ कर. पण तू तिला गप्प बस म्हणालास, त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. अजून नाही.

मंडळ दोन गोष्टी बघेल. पालिका अजून तिला ठेवायला तयार आहे का, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं काय. पहिलीचं लेखी पत्र सुनावणीच्या दिवशी हवं. दुसरीसाठी चावीवाल्यांना समन्स जाईल. ते काय बोलतील, मला माहीत नाही. त्यांनी "हिला आत टाका" म्हटलं, तर मी त्यांना चूक म्हणू शकणार नाही.

तू येशील ना?

भाची

११ एप्रिल

चि. भाचीबाई,

येऊ शकत नाही. त्याच दिवशी सकाळी स्थायी समितीने मला बोलावलंय. चौकशी अहवाल चुकीचा होता असं मीच लिहून दिलं, त्याचा खुलासा करायला. करार मोडावा असा प्रस्तावही त्याच सभेत आहे. मंडळाला हवं ते पत्र मिळालं तर तिथूनच मिळेल. दुपारपर्यंत माणूस पाठवतो, पत्र घेऊन किंवा हात हलवत.

पोरीला सांग, चप्पल नीट घालून जा. तिची एक पट्टी तुटलीये.

मामा

१८ एप्रिल

मामा,

काल जे पाहिलं ते लिहायला बसलेय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. सहा वर्षं ही नोकरी करतेय. असं काही पाहिलं नव्हतं.

छोटी खोली, लांब टेबल, पलीकडे अध्यक्ष मॅडम आणि दोन सदस्य. बारकी माझ्या शेजारी. चपलेला सुतळी बांधली होती. तिला विचारलं, मीटर तू काढलेस? "हो." किती? "नऊ." हे आत्ता का सांगतेस? म्हणाली, "आधी कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या काकांचं माहीत नव्हतं." बस्स. तिच्या वकिलांनी डोक्याला हात लावला.

मग चावीवाले आत आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. उंच, वाळलेले, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद. मॅडमनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "या मुलीमुळे तुमच्यावर आळ आला, काम गेलं. तुमचं म्हणणं सांगा."

ते म्हणाले, "बाई, दोन वर्षं लोक बागेत येता-जाता माझ्याकडे बोट दाखवायचे. पोरांना सांगायचे, हा तो. माझी नात त्या बागेत यायची बंद झाली."

मामा, मला वाटलं, संपलं.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला राग असेल."

"आहे तर! का नसेल? पण बाई, चोरी केली हिने. चोर मी आहे असं लिहिलं साहेबांनी. हिने माझं नाव घेतलं नव्हतं. हिला तर मी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि कळल्याबरोबर चालत माझ्यासमोर आली. साहेब रोज माझ्यासमोरून जातात, ते आले नाहीत. तेव्हा राग कुणावर काढायचा, ते माझं मी बघतो. तो या पोरीच्या माथी मारू नका."

एक सदस्य पेन बंद करून उघडत होते, ते थांबले.

मग ते म्हणाले, "माझं मागणं दोन गोष्टींचं. माझी चावी मला परत पाहिजे. आणि ही पोर माझ्या हाताखाली. चाळीस वर्षं मी पाइपाला कान लावतोय. कितीतरी पोरं हाताखाली आली, सगळ्यांना वाटायचं, म्हातारा सोंग करतो. माझ्यानंतर या गावात ऐकणारं कुणी नाही, असं धरून चाललो होतो. ही अंधारात, चेंबरात, कुणी न शिकवता ऐकत होती. हिला कोंडून ठेवाल तर बाई, नुकसान माझं नाही, गावाचं आहे."

बारकी रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मीही रडले, नियमात बसत नसताना. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि चांगलाच वेळ पुसला.

पण पालिकेचं पत्र नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पालिकेची तयारी असल्याशिवाय मला आदेश देता येणार नाही, तीन वाजेपर्यंत थांबते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. दोन वाजले, अडीच वाजले. चावीवाले आणि बारकी बाकाच्या दोन टोकांना. मग तीनला दहा कमी असताना अग्निशमनचे साहेब स्वतः, गणवेशात, धापा टाकत जिन्यावरून वर आले. हातात पत्र. म्हणाले, "गाडी घेऊन आलो. घंटा वाजवली नाही, पण वाजवणार होतो."

आदेश झाला. एक वर्ष देखरेखीखाली, मावशीकडे राहून, चावीवाल्यांच्या हाताखाली. विशेष गृह नाही!

त्या सभेत काय झालं, ते आता तू सांग. आणि तुला माफ केलं. चावीवाल्यांनी केलंय की नाही, ते मला माहीत नाही.

तुझी भाची

२६ एप्रिल

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतोय. घड्या पडून फाटायला आलंय.

सभेची हकीकत ऐक. मी माझी चूक वाचून दाखवली. अर्ध्या सदस्यांना ती नीट कळलीच नाही, उरलेल्यांना फार नीट कळली. एक जण म्हणाला, "पाणीखात्याने चोराला ठेवून घेतलं आणि प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं, आता या कराराचं लोणचं घालायचं का?" बरोबरच होतं त्याचं. मी मान खाली घालून उभा. करार मोडा, मला काढा, काय हवं ते करा, पण पोरीचं पत्र द्या, एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अग्निशमनवाले उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "माझ्याकडे जो पोरगा आहे, त्याला मी पहिल्या दिवशी शिडीला हात लावू दिला नव्हता. आज माझ्या तुकडीत शिडी सर्वांत आधी तो लावतो. करार मोडायचा तर त्याला ते तुम्ही सांगा, मी सांगणार नाही." मग ग्रंथपाल बाई उठल्या. मग बागेचे अधीक्षक, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "आम्हालाही एक पाठवा." एवढंच, आणि बसले. भाचीबाई, चहाच्या दिवशी माझं बुडणं बघायला बसलेली हीच माणसं! मी तिथं उभ्या उभ्या थक्क झालो. सरकारी खातं म्हणजे सह्यांचा कारखाना, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या दिवशी मला तिथं माणसं दिसली. दोन मतांनी करार राहिला.

माझं काय करायचं, यावर समितीचं एकमत होईना. चावीवाल्याला चावी परत, निर्दोष असल्याचं पत्र, आणि ते पत्र पालिकेच्या फलकावर, बागेच्या फाटकावरसुद्धा. मग फाटकावर बसायला माणूस उरला नाही. मी म्हणालो, नवा नेमेपर्यंत मी बसतो. अर्धा वेळ पंपघर, दुपारनंतर फाटक. लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा नाटक करतोय. थोडंफार असेलही.

आज पाचवा दिवस. हे पत्र तिथंच बसून लिहितोय. लोक येतात, फलक वाचतात, मग माझ्याकडे बघतात. एकाने आपल्या पोराला बोटाने दाखवलं. पाच दिवस झालेत मला. त्याने दोन वर्षं काढली.

थोड्या वेळापूर्वी ती दोघं इथून गेली. समोरच्या रस्त्यावर गळती शोधत होती. चावी पोरीच्या खांद्यावर, सळई त्याच्या हातात. त्याने सळई टेकवली, स्वतः ऐकलं, मग तिला दिली. ती ऐकत असताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने खडूने रस्त्यावर फुली मारली. त्याने ती पुसली नाही.

मी उठून उभा राहिलो. तो वळून माझ्याकडे आला. मी म्हणणार होतो, मला क्षमा कर. पाच दिवस तेच वाक्य घोकत होतो. पण तोंड उघडायच्या आत तो माझ्या कानाशी वाकला आणि मोठ्याने, मला ऐकू जाईल असं म्हणाला,

"साहेब, दोन वाजले की इथं ऊन येतं. स्टूल त्या भिंतीकडे घ्या. पाच वाजेपर्यंत सावली राहते."

आणि गेला. मी स्टूल भिंतीकडे नेलं. फरशीवर स्टुलाच्या चार पायांच्या खुणा आधीपासून होत्या. त्यांवर ते बरोबर बसलं. मग मी तिथं बसून रडलो, भरदिवसा, लोकांदेखत.

मामा